भावोजींच्या एकशे चौदा मोटारी

माझ्या भावोजींच्या मालकीच्या एकशे चौदा मोटारी होत्या आणि त्यांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. मोटारी अमेरिकन, जुन्या जमान्यातल्या, बड्या लोकांच्या. कॅडिलॅक, पॅकार्ड, लिंकन, ड्यूसेनबर्ग. त्यांतली सगळ्यात लांब मोटार माझ्या कोपरापासून मुठीपर्यंत भरायची. खेळणी म्हटलेलं भावोजींना चालत नसे. "प्रतिकृती," ते म्हणायचे, "एकास अठरा." म्हणजे लांबी खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो कसल्यातरी काढ्याचा डोस वाटला होता.

हे मी रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर बरोबरच वाटतं आहे. फक्त राग हा शब्द कमी पडतो. राग येतो आणि जातो. भावोजींच्या घरी पाय ठेवला की मला जे व्हायचं ते पोटात व्हायचं. शिसारी म्हणा.

भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली आहे, तिथे बसून ते प्लास्टरच्या जबड्यांवर गुलाबी मेण चढवतात आणि मेणात एकेक दात रोवतात. काम अगदी बारीक आणि हात सोन्याचा, हे मी नाकारत नाही. त्यांनी बनवलेल्या कवळीने माणूस सुपारी फोडतो. पण उरलेलं काम ते घरी आणायचे. जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी चार-पाच अनोळखी जबडे आ वासून बसलेले असायचे. एकदा मी साखरेचा म्हणून डबा उघडला तर आत कुणाचे तरी वरचे दात. तेव्हापासून त्या घरात मी बिनसाखरेचा चहा प्यायला लागले. लोक समजतात, मला मधुमेह आहे.

लग्नाच्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करतात. मी ताईहून नऊ वर्षांनी लहान, तेव्हा तर परकर नेसत होते, तरी "तुम्ही बसा", "तुम्ही घ्या". कधी आवाज चढला नाही, कधी ताईवर हात उगारला नाही, दारूचा थेंब नाही. माणूस इतका सभ्य असला की त्याच्याशी भांडणाऱ्याचीच चूक दिसते. माझं हेच व्हायचं.

मोटारींचं वेड एका कवळीपायी लागलं. दातांच्या डॉक्टरांच्या आईला कुणाचीच कवळी बसेना, सगळ्यांनी हात टेकले. भावोजींनी दोन महिने खपून ती बसवली. म्हातारी हसली, बोलली, शेंगदाणे खाऊ लागली. डॉक्टरांनी खूश होऊन टेबलावरची शोभेची मोटार उचलून भावोजींच्या हातावर ठेवली. एकोणीसशे एकोणसाठची कॅडिलॅक, गुलाबी, मागे दोन उंच पंख आणि प्रत्येक पंखाला दोन-दोन लाल दिवे. भावोजी ती रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले आणि रात्रभर उशाशी ठेवून झोपले. ताईने मला हे कौतुकाने सांगितलं होतं. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि ताईने नवऱ्याचं कशातही एवढं मन लागलेलं पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं असेल, आठवत नाही.

मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या वीस. बाहेरगावाहून, परदेशातून, पार्सलातून, कुणा बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर. पॅकार्डच्या नाकावर चिमुकला पक्षी पंख पसरून बसलेला असायचा, ड्यूसेनबर्गच्या बॉनेटच्या कुशीतून चकचकीत नळ्या बाहेर आलेल्या. लिंकनची मागची दारं उलटी उघडायची. "अशी दारं आता कुणी करत नाही," भावोजी हळहळून सांगायचे, आणि त्यांच्या स्वतःच्या मोरीचं दार वर्षभर बिजागरीतून लोंबत होतं.

एकदा गावातल्या मोठ्या हॉटेलसमोर खरीखुरी तसली गाडी येऊन उभी राहिली. जुनी कॅडिलॅक, कुठल्याशा लग्नासाठी भाड्याने आणलेली. अख्खी गल्ली भावोजींना सांगायला धावली. मीही माझं लाँड्रीचं दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेले, म्हटलं बघू तरी माणसाचा चेहरा कसा फुलतो. भावोजी समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, पाच मिनिटं पाहिलं, रस्तासुद्धा ओलांडला नाही. "रंग चुकीचा आहे," म्हणाले, आणि परत फिरले. कोपऱ्यावर आल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि फारच मोठी आहे."

मी कपाळाला हात लावला.

आता घर कसं होतं ते सांगते, कारण सगळा तंटा घराचा आहे. तिसरा मजला. जिन्यातून आत आलं की मधली खोली, डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला पुढची खोली. घरात धड खिडकी एकच, पुढच्या खोलीत, रस्त्याकडे उघडणारी, भिंतीच्या अर्ध्याहून मोठी. तिथे ताईचं शिलाई मशीन असायचं. माझी लाँड्री आहे, खालच्याच रस्त्याला, आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं उसवलेलं, तुटलेलं, आखूड-लांब करायचं काम ताई करते. खिडकीत बसून ती सुईत दोरा न बघता ओवायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या विजारीची शिलाई तिसऱ्या मजल्यावरून ओळखायची. मी खालून हाक मारायची, ती वरून दोरीला बांधलेली पिशवी सोडायची. आमचे निम्मे व्यवहार आणि सगळ्या गप्पा त्या खिडकीतून व्हायच्या.

ताईचा मुलगा शिकायला बाहेर गेला आणि तिकडचाच झाला. त्याची कॉट पुढच्या खोलीतून हलली त्याच आठवड्यात कपाटं आत आली. उन्हाने रंग उडतो म्हणून खिडकीला आधी पडदा, मग जाड पडदा, मग काळा कागद. धूळ नको म्हणून कागदाच्या कडांना चिकटपट्टी. मशीन मधल्या खोलीत आलं, ट्यूबलाइटखाली, चपलांच्या स्टँडशेजारी. "तात्पुरतं," भावोजी म्हणाले होते. ते अकरा वर्षं टिकलं.

खोलीची किल्ली त्यांच्या गळ्यात, गोफात. दर रविवारी दहाला आत जायचे, पांढरे सुती हातमोजे घालायचे, एक खोकं काढून त्यातली मोटार छोट्या दिव्याखाली ठेवून तासभर बघायची, पुन्हा खोक्यात. मोटार खोक्याबाहेर नांदवायची नाही हा त्यांचा नियम, कारण असल्या मोटारी जमवणाऱ्या लोकांत म्हणे मूळ खोकं असेल तरच मोटारीला मान. खोकं फाटलं, कोपरा दबला, तर ती मोटार विधवा. हातमोज्यांचे सहा जोड दर महिन्याला माझ्याकडे धुवायला यायचे. शर्टाची कॉलर मेणचट, बाह्यांना प्लास्टरचे पोपडे, आणि हातमोजे मात्र दुधासारखे पांढरे हवेत. मी ते दुसऱ्या कपड्यांत टाकत नसे. डाग लागतील म्हणून नाही. मला तेवढे वेगळे चिमट्याने उचलून टाकायला बरं वाटायचं.

मग कसर लागली. एका रविवारी भावोजी दुकानात आले ते चेहरा उतरवून. कुणीतरी गेलं असं वाटून मी इस्त्री बंद केली. त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. त्याच्या एका कडेला पुठ्ठा कुरतडल्यासारखा झाला होता, नखाएवढा.

"तुमच्याकडे लोकरी कपडे असतात. तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"डांबरगोळ्या," मी म्हटलं.

"पुठ्ठ्याला चालतील?"

"कसरीला पुठ्ठा काय आणि लोकर काय."

मी घाऊक दुकानातून किलोने आणते, त्यातल्या एक किलो बांधून दिल्या. तोवर माझ्या मनात काही नव्हतं. हे एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवते.

त्या गोळ्या नुसत्या टाकल्या तर मोटारीवर घरंगळतील, चरा पडेल, म्हणून भावोजींनी पुरचुंड्या मागितल्या. मलमलीच्या, नाडी ओढून बंद होणाऱ्या. त्या कुणी शिवल्या ते सांगायला नको. एकशे चौदा पुरचुंड्या, ट्यूबलाइटखाली, आठ दिवस. प्रत्येकीत चार गोळ्या. खोक्याचं झाकण दोन बोटं उचलायचं, पुरचुंडी आत सरकवायची, झाकण बंद. आणि झाकण उघडलं की कसर आत शिरते म्हणून भावोजींनी त्या दिवसापासून मोटारी बघणंच बंद केलं. रविवारी दहाला ते आत जायचे, हातमोजे घालायचे आणि बंद खोक्यांसमोर तासभर बसायचे.

"बंद खोक्यांत काय दिसतं तुम्हाला?" मी एकदा न राहवून विचारलं.

"आहेत हे माहीत असतं ना," ते शांतपणे म्हणाले.

ताई समोर कुणाच्यातरी कोटाचं अस्तर उसवत बसली होती, मान वाकडी करून, कारण ट्यूबलाइटची सावली बरोबर सुईवर पडायची. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

घराला वास सुटला. गोळ्या उडून जातात म्हणून दर महिन्याला, पुरचुंडी बाहेर न काढता झाकणाच्या फटीतूनच तिच्या तोंडात नव्या घालाव्या लागायच्या, आणि पुढची खोली बंद असल्यामुळे वास जाणार कुठे, तर दाराखालच्या फटीतून मधल्या खोलीत. चहाला वास, उशीला वास, ताईच्या केसांना वास. ताई खोकायला लागली. आधी सकाळचा, मग दिवसभर. डोकं दुखायचं, जेवण बघितलं की मळमळायचं. मी तो खोकला अंधाराच्या माथी मारला. बिनखिडकीच्या खोलीत इतकी वर्षं कपड्यांचे तंतू गिळल्यावर दुसरं काय होणार, असं मी येता-जाता भावोजींना ऐकवायची. माझ्या दुकानातही त्याच गोळ्या होत्या. पण माझं दुकान रस्त्यावर, शटर दिवसभर वर. मला वास येईनासा झाला होता. धंद्याच्या वासाचं असंच असतं.

त्याच सुमाराला एक निवृत्त मास्तरीणबाई दुकानात येऊन कडाडल्या. त्यांचा लोकरी कोट आम्ही धुऊन, खोक्यात घालून, गोळ्या टाकून दिला होता. वर्षभराने उघडला तर सगळी बटणं मऊ पडून लोकरीला चिकटलेली. ओढली तर लोकर घेऊन निघत होती. बटणावर विणीचा ठसा अस्सा उठलेला. मी घाऊक दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "प्लास्टिकच्या बटणांजवळ गोळी ठेवायची नसते बाई. काही प्लास्टिकं विरघळतात त्या वाफेने. तुम्हाला एवढं माहीत नाही?"

माहीत नव्हतं. मास्तरीणबाईंना मी नवी बटणं लावून दिली, म्हणजे ताईने लावून दिली. पण दुकानदाराचं वाक्य ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कारण ते नाही सांगितलं तर बाकी लिहिण्यात अर्थ नाही. मोटारींच्या काचा प्लास्टिकच्या. दिवे प्लास्टिकचे. सीटा, स्टिअरिंग, नंबरपाट्या, सगळं प्लास्टिक. एकशे चौदा खोक्यांत, अंधारात, त्या क्षणी ते हळूहळू मऊ पडत होतं, आणि किल्ली गळ्यात घालून भावोजी त्याच्यासमोर हातमोजे चढवून बसत होते.

मला गुदगुल्या झाल्या. दुसरा शब्द नाही.

ताईला मी बटणांची गोष्ट रंगवून सांगितली, मास्तरीणबाईंच्या आवाजासकट. मोटारींबद्दल अवाक्षर काढलं नाही. ताई हसली नाही. तिने मशीन थांबवलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा चालू केलं. पुढच्या महिन्यात भावोजींनी एक किलो गोळ्या मागितल्या, मी दोन किलो दिल्या. "पावसाळी हवेत कसर वाढते," मी सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले. तेव्हापासून दर महिन्याला दोन किलो, मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर पोचत्या करायची. जिना चढताना मला कधी दम लागला नाही.

असं दीड वर्ष चाललं.

मधे मी ताईला गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, म्हणाल्या, "रक्त कमी झालंय. घरात ऊन येतं का?"

"खिडकी आहे," मी म्हटलं, "पण ती मोटारींना दिलीय."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. ताईने माझ्या पायावर पाय दिला. "येतं की ऊन," ती म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. खोटं का बोललीस, कुणाची अब्रू वाचवायची आहे, तुझी का त्या पत्र्याच्या डब्यांची? ताई खोकली आणि म्हणाली, "त्यांचं तेवढंच आहे गं. दिवसभर परक्यांचे दात बघतात."

त्या संध्याकाळी मी भावोजींना सरळ सांगितलं. ते टेबलावर कुणाची तरी दाढ कानशीने घासत होते. पांढरी पूड चहाच्या कपात उडत होती आणि ते तोच चहा पीत होते.

"खोली रिकामी करा. ताईला खिडकीशी झोपू द्या."

त्यांनी दाढ खाली ठेवली. माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी खरोखर मोजपट्टी आणली आणि मधली खोली मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, मग कपाटांची रुंदी वहीत बघून वजाबाकी केली. "बसत नाहीत," ते म्हणाले. "दोन कपाटं बाहेर राहतात. जिन्यात ठेवली तर ऊन लागेल."

"आणि हिला ऊन लागत नाही त्याचं काय?"

"मी विचार करतो," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी ते ताईसाठी टेबलफॅन घेऊन आले. तो त्यांनी मधल्या खोलीत नेमका पुढच्या खोलीच्या दाराशी ठेवला. आता वास नुसता येत नव्हता, पंख्याने वाढून येत होता. मला त्या माणसाच्या अंगावर ओकावंसं वाटलं. एवढा सभ्य, एवढा मऊ, बायको डोळ्यांदेखत पांढरी पडते आहे आणि हा मोजपट्टी लावतो. हे सगळं मी त्याच दिवशी ताईच्या तोंडावर बोलले. गोळ्यांची नवी पिशवी तेव्हा माझ्याच हातात होती.

नंतरच्या आठवड्यात भर दुपारी खालच्या मजल्यावरची शेजारीण दुकानात धावत आली. ताई मशीनवरच पुढे कोसळली होती, कपाळ शिलाईच्या पट्टीवर आपटलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना हाताला धरून वर नेलं. भावोजी आमच्या आधी पोचले होते. त्यांनी ताईला खाली निजवून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ते तिचे हात चोळत होते. ताई शुद्धीवर आली होती, पण ओठ कागदासारखे.

डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. नाकाला पदर लावला.

"हा वास कसला?"

"डांबरगोळ्यांचा," मी म्हटलं.

"किती ठेवल्यात घरात?"

आकडा मलाच ठाऊक होता. "महिन्याला दोन किलो."

"दोन किलो? अहो, दुकान नाही हे. माणसं राहतात इथे." त्यांनी ताईचा डोळा उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ही वाफ रक्तात उतरते काहींच्या. यांचं रक्त त्यानेच आटतंय. कोण आणतं या गोळ्या?"

मी ताईला पदराने वारा घालायला लागले.

"मी," भावोजी म्हणाले. "माझ्या मोटारींसाठी. मीच आणायला सांगतो."

"आत्ताच्या आत्ता बाहेर काढा सगळ्या. नाहीतर यांना बाहेर काढा."

मी मोजपट्टीची वाट बघत होते. देवाशपथ सांगते, मला वाटलं आता हा माणूस काहीतरी मोजायला घेईल. भावोजींनी ताईचं डोकं उशीवर ठेवलं, गळ्यातली किल्ली काढली आणि दार उघडलं. आतून जो भपकारा आला त्याने माझ्यासुद्धा डोळ्यांतून पाणी काढलं, मी गोळ्यांत वाढलेली बाई. काळोखात काही दिसेना. मी कात्री घेऊन खिडकीवर तुटून पडले. चिकटपट्टी फाटली, काळा कागद फाटला, एक दार उघडलं, दुसरं फुगून गच्च बसलं होतं. अकरा वर्षांनी त्या खोलीत ऊन आलं आणि ते खोक्यांवर पडलं.

भावोजी एकेक खोकं उघडून पुरचुंड्या बाहेर टाकत होते, भराभर, हातमोजे न घालता. पाच-सहा खोक्यांनंतर एक पुरचुंडी निघेना. त्यांनी झाकण पूर्ण उघडलं. ती गुलाबी कॅडिलॅक होती. पुरचुंडी टपावर चिकटून बसली होती, आणि त्यांनी ती ओढली तेव्हा टपाचा रंग तिच्याबरोबर निघाला. पुढची काच वितळून सीटांवर बसली होती, स्टिअरिंग त्यात रुतलेलं, मागचे चारही लाल दिवे पंखांवरून ओघळून थिजलेले. रंगावर मलमलीच्या विणीचा ठसा अस्सा उठला होता. भावोजींनी दुसरं खोकं उघडलं. तिसरं. पॅकार्डची काच पिवळी, चिकट, बोट लावलं तर तार निघाली. लिंकनची उलटी दारं उघडेनात.

या क्षणाची मी दीड वर्ष वाट पाहिली होती. तो इतका घाणेरडा असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या मोटारी आजारी माणसाच्या तोंडासारख्या दिसत होत्या. मला हसू आलं नाही.

भावोजी रडले नाहीत. गुलाबी मोटार त्यांनी उन्हात धरून सगळ्या बाजूंनी नीट पाहिली, कवळी बघतात तशी, आणि खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गोळ्यांनी असं होतं हे तुम्हालाही कुठे ठाऊक असणार. ठाऊक असतं तर तुम्ही सांगितलं असतंत."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. त्यांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला.

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. त्यांनी स्वतः खोकी तीन मजले उतरवून खाली नेली, एकशे चौदा, आणि परत येताना प्रत्येक वेळी दारात थांबून ताईकडे बघत होते. एकही कपाट मोजलं नाही. ते खाली गेलेले असताना मी ताईची गादी खिडकीशी घातली, तिला धरून आणलं, मशीनही ओढून आणलं. ऊन उतरत आलं होतं. ताईने डोळे मिटून ते तोंडावर घेतलं. मी तिच्या पायाशी बसले. आता ती हसेल, मला जवळ घेईल असं मला वाटत होतं. खोली मीच मिळवून दिली असं अजूनही कुठेतरी वाटत होतं.

"बटणांचं तू मला सांगितलं होतंस," ताई डोळे न उघडता म्हणाली.

"हो."

"तेव्हाच मला वाटलं, मोटारींचं काय होणार ते हिला कळलंय. ह्यांना सांगेल. तू सांगितलं नाहीस. वर दोन किलो आणायला लागलीस."

"मग तू का नाही बोललीस?" मी म्हटलं. "तुलाही खोली हवीच होती."

"हवी होती," ताई म्हणाली. तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत मी थांबले. "मोटारी जाताहेत तर जाऊ देत म्हटलं. एवढी वाईट मीही आहे. पण त्या वासाने माझं डोकं भणभणायचं ना, तेव्हा मी स्वतःला सांगायची, गोळ्यांतलं धाकटीला कळतं. माणसाला काही होत असतं तर तिने आणल्याच नसत्या."

मला त्यातलं ठाऊक नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे. बटणांबद्दल मी दुकानदाराला विचारलं होतं, माणसांबद्दल विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही. ताईचा खोकला मी रोज ऐकत होते आणि तो मला भावोजींविरुद्ध वापरायला चांगला वाटत होता. अकरा वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली, की हा बायको सोडून डब्यांकडे बघतो. शेवटची दीड वर्षं मीही डब्यांकडेच बघत होते.

ताई आता बरी आहे. रक्त भरून आलं, खोकला थांबला. भावोजी मधल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून कवळ्यांचे दात कानशीने घासतात आणि दर रविवारी दहाला, दुसरं काही करायला नाही म्हणून, ताईला सुयांत दोरे ओवून देतात, शंभर-शंभर. माझ्याशी अजून अहो-जाहो. त्यांना ताईने काही सांगितलेलं नाही आणि मीही नाही. त्यांच्या कपातली पांढरी पूड मी आता मुकाट्याने धुते. त्यांची किळस करायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही, आणि स्वतःची करावी तर ती धुऊन जात नाही.

मी दुकानातल्या गोळ्या बंद केल्या. वर जायच्या आधी अंघोळ करते, घरचे कपडे घालते, केससुद्धा धुते. खिडकीचं गच्च बसलेलं दार सुताराकडून सैल करून घेतलंय, तरी ताई एकच दार उघडं ठेवून शिवत असते, कारण दोन्ही उघडली की वाऱ्याने दोरा उडतो. मी खोलीत आले की ती मला बस म्हणते, चहाचं विचारते, आणि उठून खिडकीचं दुसरं दार उघडते.